गेट कोण उघडणार

लॉर्नाने गाडीखालून हात बाहेर काढला आणि पाना चाचपडायला सुरुवात केली. पाना सापडला नाही. हाताला लागला तो एक बूट, आणि बुटात पाय होता.

"नेव्ह, तू अर्ध्या इंचाच्या पान्यावर उभा आहेस. हो बाजूला."

बूट हलला. पाना मातीतून घसटत आत आला.

"आणि तुझा बूट कुठाय?" नेव्हिलने विचारलं.

"मागच्या चाकाला टेकवून ठेवलाय, पायासकट. धक्का लावू नकोस. लाथ घालेल."

नेव्हिलने वळून पाहिलं. चाकाला टेकून लॉर्नाचा डावा पाय खरोखरच उभा होता. गुडघ्याखालचा, कारखान्यात बनवलेला, वर लोकरीचा मोजा आणि खाली लेस बांधलेला बूट. आडवं पडून काम करायचं असलं की ती तो काढून ठेवायची. न बोलावलेल्या पाहुण्यासारखा मध्ये मध्ये करतो मेला, असं तिचं म्हणणं होतं. नेव्हिलला मात्र तो पाय असा एकटा उभा असलेला बघवायचा नाही. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"ग्वेन्डाचा फोन झाला लाँगरीचला," तो गाडीच्या बॉनेटशी बोलल्यासारखं बोलला. "गावातलं ते घर रिकामं झालंय. पायरी नाही, उतार आहे. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्यात."

"तुझी बायको भली आहे. तिला सांग, दांड्या तिनेच धराव्यात."

"लॉर्ना."

"मी काम करतेय."

मागच्या साली गुरं गोळा करताना मोटारसायकल खड्ड्यात गेली, लॉर्नाच्या अंगावर पडली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. उजवा गेला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण क्लच असतो डाव्या पायाला. खोटा पाय पेडलवर टेकायचा खरा, पण किती दाबलं नि किती सोडलं हे त्याला कुठलं कळायला! गाडी एक तर सशासारखी उडी मारायची, नाही तर जागच्या जागी बंद पडायची. म्हणून गेले कित्येक आठवडे लॉर्ना त्या जुन्या फोर-व्हीलच्या पोटात शिरून, क्लच हाताने कसा चालेल याच्या मागे लागली होती.

मागे हौदा असलेली ती गाडी तिची स्वतःची होती. तेविसाव्या वर्षी, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालून, त्या मजुरीवर घेतलेली. त्यानंतर गाडीचं इंजिन एकदा बदललं, हौदा दोनदा, दारं कितीदा ते देवाला ठाऊक. पण लॉर्नाला कुणी "नवी घे" म्हणालं की ती म्हणायची, "मी पण जुनीच आहे. मला काय भंगारात घालणार?" आणि आता तर हा विनोद कुणाला ऐकवत नव्हता.

"ऑटोमॅटिक घे मग," नेव्हिल म्हणाला. "क्लचची कटकटच नाही. मी आणतो शोधून."

"ओढ्याच्या वाळूत पोट टेकून बसेल तुझी ऑटोमॅटिक. म्हशीसारखी. मग तूच येशील दोर घेऊन, आणि म्हणशील, बघ, मी म्हटलं नव्हतं?"

नेव्हिल अगदी तसंच म्हणाला असता. तो खाली उकिडवा बसला. सहासष्ट वर्षांचे गुडघे कडकड वाजले. गाडीखाली वाकून त्याने बहिणीच्या ग्रीसने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"क्लचचं जमवशील तू. तुझ्या हाताला गुण आहे, मी नाही म्हणत नाही. पण गेटांचं काय?"

पाना फिरायचा थांबला.

लॉर्नाच्या नाइन माइल नावाच्या जमिनीच्या तुकड्यापासून नेव्हिलच्या मोठ्या घरापर्यंत पाच गेटं होती. त्या मुलखात गेटाचे कायदे दोनच, आणि ते दुधाच्या दातांबरोबर येतात. पहिला, गेट जसं सापडलं तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. दुसरा, गेट उघडायचं ते शेजारी बसणाऱ्याने. चालवणारा खाली उतरत नाही.

लॉर्नाचं अर्धं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं. आधी बाप चालवायचा. पाय पेडलला पुरायला लागले तेव्हापासून नेव्हिल चालवायला लागला, कारण तो मुलगा होता, याहून दुसरं कारण कुणी सांगितलं नाही. ती उतरायची, साखळी काढायची, ते अवजड गेट ओढत न्यायची, गाडी आत गेली की लावायची आणि धावत यायची. तिचा हात दाराच्या कडीला लागतो न लागतो तोच नेव्हिल गाडी हातभर पुढे घ्यायचा. ती पुढे धावायची, तो पुन्हा हातभर घ्यायचा. बाप हसायचा. नेव्हिल हसायचा. ती धुळीत उभी राहून दोघांना शिव्या द्यायची आणि पुढच्या गेटाला पुन्हा तेच.

स्वतःची गाडी आल्यावर शेजारी कुणी नव्हतं. प्रत्येक गेटाला दोनदा उतरायचं, दोनदा चढायचं. पण चढायचं ते उजव्या बाजूने, आणि त्याचं तिला कधी ओझं वाटलं नाही. आता एकदा उतरायचं म्हणजे आधी खोटा पाय बाहेर काढायचा, दाराची चौकट धरायची, जमीन सपाट आहे का बघायची, मग अंग सोडायचं. पाच गेटं म्हणजे असं दहा वेळा. नेव्हिल सोळा आणे खरं बोलला होता. म्हणूनच तिला त्याचा राग आला.

ती सरपटत बाहेर आली आणि चाकाला पाठ लावून बसली.

"घोड्यांच्या शर्यतींचा शनिवार धर," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी एकटी येते मोठ्या घरी. या गाडीतून. पाचही गेटं माझी मी उघडीन, माझी मी लावीन. आले, तर लाँगरीचचं नाव पुन्हा काढायचं नाही. तू नाही आणि ग्वेन्डाने पण नाही."

"आणि नाही आलीस तर?"

"तर जाऊन बसते तुझ्या दांड्यांच्या बाथरूममध्ये. मरेपर्यंत."

"वेडेपणा करू नकोस. माझ्याच्याने दिवसाआड इथे खेपा होत नाहीत, म्हणून बोलतोय. पाऊस लागला की महिनाभर रस्ता बंद. मला तुला पुन्हा मातीत पडलेलं बघायचं नाहीये, लॉर्ना. एकदा बघितलंय. पुरे झालं."

मोटारसायकलखाली तिला शोधून काढलं होतं ते त्यानेच. लॉर्नाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग हात पुढे केला. नेव्हिलने तो धरला. ग्रीस मनगटापर्यंत आलं आणि ते पुसायला त्याला जागा सापडेना.

मग कामाचे दिवस सुरू झाले, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात त्यातला प्रकार झाला. लॉर्नाने आधी पाण्याच्या पाइपचा एक लांब दांडा केला आणि दाराच्या बाजूने क्लचच्या पेडलला जोडला. दांडा पुढे ढकलला की पेडल दबायचं, अगदी छान. पण उजवा हात दांड्यावर, डावा गिअरवर, मग स्टिअरिंग कुणाच्या हातात? गाडीने तिला सरळ कोंबड्यांच्या खुराड्यात नेलं. कोंबड्या वाचल्या, खुराडं गेलं.

मग तिने गिअरच्या दांड्यावरच एक मूठ बसवली, म्हणजे एकाच हाताने क्लच दाबायचा आणि गिअरही टाकायचा. विचार बिनचूक होता, पण क्लचला लागणारा जोर पायाचा होता आणि हातात होता तो हाताचा. दोन दिवसांत मनगट सुजून केळं झालं.

"तुझ्या हाताला कुणीतरी मदतनीस पाहिजे," ब्रॉन म्हणाली. ब्रॉन टपालाची गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा. पत्रं, औषधं, यंत्राचे सुटे भाग आणि सगळ्या मुलखाच्या उखाळ्यापाखाळ्या ती सारख्याच निगुतीने पोचवायची. "ब्रेकला नाही का तो डबा असतो, बूस्टर? इंजिनाच्या ओढीवर चालतो तो. आपण नुसता इशारा करायचा, जोर तो लावतो."

लॉर्नाने तिच्याकडे पाहिलं. "इतके दिवस हे पोटात घेऊन फिरत होतीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर सांगत होतीस."

पुढच्या खेपेला ब्रॉनने भंगारातल्या गाडीचा बूस्टर आणला. लॉर्नाने तो बॉनेटखाली पट्ट्या ठोकून बसवला. आता मुठीपासून तिथपर्यंत एक केबल हवी होती आणि हाताला बसेल अशी मूठ. ती शेडच्या कोपऱ्यात गेली, ताडपत्री ओढून काढली, आणि त्या मोडक्या मोटारसायकलची क्लचची मूठ केबलसकट सोडवायला लागली.

"त्याच बाइकची?" ब्रॉनचा आवाज खाली आला.

"पाय घेतला तिने माझा," लॉर्ना म्हणाली. "आता हात तरी द्यावा."

शर्यतींच्या आदल्या दिवशी गाडी अंगणात गोल गोल फिरली. मूठ दाबली की क्लच दबायचा, अलगद सोडली की गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघायची. लॉर्ना हातभर पुढे जायची, थांबायची. हातभर मागे, थांबायची. उरलेल्या कोंबड्या लांब उभ्या राहून बघत होत्या. पायाने सुद्धा आयुष्यात तिने क्लच इतका मऊ सोडला नव्हता.

शनिवारी सकाळी तिने धुतलेला शर्ट घातला, सीटखाली तारेचं भेंडोळं, पक्कड आणि पाण्याचा कॅन ठेवला, रेडिओवरून मोठ्या घराला "निघाले" एवढंच सांगितलं आणि निघाली. पलीकडून ग्वेन्डाने "बरं" म्हटलं.

पहिलं गेट आलं. ते उघडं होतं.

लॉर्नाने गाडी थांबवली. या गेटाच्या अलीकडे वळू होते आणि पलीकडे कालवडी, अजून गाभण राहायच्या वयाच्या नव्हत्या अशा. हे गेट उघडं राहणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला ठेवणं. तिने साखळी पाहिली. कुणीतरी ती काढून खांबाभोवती नीट तीन वेढे देऊन टोक आत खोचलं होतं. अशी साखळी या भूमीवर एकच माणूस गुंडाळतो. मातीत त्याच्या गाडीच्या चाकांची खूण होती, डावं पुढचं टायर एका अंगाला झिजलेलं. महिनाभर ती त्याला ते बदल म्हणून सांगत होती.

आता तिला सगळं कळलं. कायदाच होता ना, सापडलं तसं सोडायचं! उघड्या गेटातून लॉर्ना सरळ गेली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. पाचही गेटं उघडी, उतरायला नको की चढायला नको. पैज जिंकली, बाई खूश, भावाच्या जिवाला घोर नाही.

"भीक घालतोस होय रे मला?" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला वळूंशिवाय कुणी नव्हतं. "थांब, दाखवते."

गाडी आत घेऊन ती उतरली. खोटा पाय, चौकट, जमीन, मग अंग. मागे चालत गेली, गेट ओढलं, साखळी लावली, परत आली, चढली. घाम आला होता, पण पुढच्या गेटाकडे निघताना तिने गाडी उगाचच जोरात काढली.

दुसरं गेटही उघडं. त्यात पलीकडच्या कुरणातला एक म्हातारा वळू आडवा उभा राहून रवंथ करत होता. लॉर्नाने हॉर्न वाजवला. वळूने एक कान हलवला. तिने मूठ अलगद सोडत गाडीचं नाक त्याच्या पार्श्वभागाला टेकवलं आणि शेजारच्या म्हातारबुवांना हाताला धरून उठवावं तसं त्याला इंच इंच पलीकडे सारलं. पायाने क्लच दाबणाऱ्या कुणाला जमलं नसतं ते. मग उतरली, गेट लावलं, चढली.

ओढा कोरडा होता, पण वाळू पिठासारखी. वाळूत रुतू नये म्हणून ओढ्याआधी टायरांतली हवा कमी करायला ती उतरली, तेव्हाच गुडघ्याच्या खाली, पाय जिथे संपतो तिथे, काहीतरी चिकट लागत होतं. तिने तिकडे पाहिलं नाही. वाळूच्या मध्यावर गिअर बदलायला मूठ दाबली आणि कटकन आवाज झाला. मूठ हातात सैल आली. गाडी दोन हिसके देऊन बंद पडली.

केबल बूस्टरपाशी तुटली होती. मोटारसायकलचीच ती, जुनी, गंजलेली. "दिलास तो हातही काढून घेतलास, बये," लॉर्ना तिला म्हणाली, आणि वाळूत उतरली. रेडिओवरून एक हाक मारली असती तर नेव्हिल येऊन पोचला असता, दोर घेऊन. तिने सीटखालचं तारेचं भेंडोळं काढलं.

कुंपणाच्या तारेने न सुधारणारी वस्तू त्या मुलखात अजून जन्माला यायची आहे. बाप शिकवायचा, तार दुहेरी घ्यायची, फासा करायचा, आणि पकडीने पीळ द्यायचा तो तार ओरडेपर्यंत. शिकवायचा नेव्हिलला, पण गेटावरून परत येणाऱ्या मुलीलाही डोळे होते. लॉर्नाने एका पायावर रेलून, बॉनेटमध्ये अर्धी वाकून, तुटलेल्या केबलच्या टोकाला तारेचा फासा घातला आणि पीळ दिला. बोटं फाटली. तार ओरडली. मूठ दाबून पाहिली. बूस्टर फुसफुसला, क्लच दबला.

ती तशीच वाळूत बसून हसली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय, तेव्हा नाक पुसून उठली.

तिसरं गेट तिने लावलं ते दात ओठ खाऊन. चौथ्याला मात्र ती उघड्या गेटाच्या पलीकडे गाडी नेऊन नुसतीच बसून राहिली. पँटवर गुडघ्याखाली काळा डाग पडला होता आणि हळूहळू पसरत होता. इथे उतरायचं म्हणजे अंगाचा भार पुन्हा त्या जखमेवर टाकायचा. सापडलं तसं सोडायचं. कायदा तिने केला नव्हता, बापाने नाही, आज्याने पण नाही. जगातला कुठलाही माणूस तिला म्हणाला नसता की लॉर्ना, तू गेट उघडं टाकून गेलीस. नेव्हिल तर नाहीच नाही. त्याने आपल्या हाताने स्वतःच्या कळपाची वाट लावून ठेवली होती, केवळ बहीण सुखरूप पोचावी म्हणून. ज्या माणसाने गेट उघडं टाकल्याबद्दल सख्ख्या मेव्हण्याशी चार वर्षं अबोला धरला होता, त्या माणसाने.

आरशात मागचं गेट दिसत होतं, मोकळं, हात पसरून उभं. लॉर्नाचा राग विरला होता आणि त्यामुळे उतरणं जास्तच अवघड झालं होतं. रागाच्या भरात माणूस कुठेही चालत जातो.

"मला येतं म्हणून लावायचंय," ती शेवटी आरशाला म्हणाली. "दुसरं काही नाही."

आणि उतरली. त्या गेटाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पाचव्या गेटाला नेव्हिल होता. आपली गाडी सावलीत लावून, गेटाच्या खांबाला पाठ देऊन, थर्मास मांडीत धरून बसला होता. गेट अर्थातच उघडं. लॉर्नाची गाडी दिसताच तो इतक्या घाईने उठला की थर्मास घरंगळत गेला. मग घाई केली नाही असं दाखवायला तो सावकाश वाकून थर्मास उचलायला लागला.

लॉर्नाने गेटाच्या अलीकडेच गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"हे गेट उघडं कसं?"

"वाऱ्याने उघडलं असेल."

"पाचही?"

"जोराचा होता सकाळी."

"आणि वाऱ्याने साखळीला तीन वेढे देऊन टोक आत खोचलं?"

नेव्हिलने साखळीकडे पाहिलं. "आमच्याकडचा वारा शिकलेला आहे," तो म्हणाला.

"बंद कर ते."

"लॉर्ना, झालं की. जिंकलीस तू. ये आत." एवढ्यात त्याची नजर तिच्या पँटवर गेली आणि चेहरा उतरला. "रक्त येतंय तुला."

"माझं मला दिसतंय. ते गेट बंद कर, आणि त्या खांबापाशी जाऊन बस. हात लावायचा नाही. तोंडाने पण नाही."

नेव्हिलने थर्मास खाली ठेवला. मग त्याने गेट ओढून आणलं, साखळी लावली, आणि पलीकडे खांबापाशी जाऊन खाली बसला. दोन्ही तळहात त्याने मांड्यांखाली घातले. लहानपणी बाप रागावला की तो असाच बसायचा.

लॉर्ना उतरली. चालत आली. साखळी तिच्या फाटक्या बोटांना पहिल्यांदा सुटली नाही, दुसऱ्यांदाही नाही. नेव्हिलचे खांदे हलले, पण तो उठला नाही. तिसऱ्यांदा साखळी निघाली. तिने गेट अंगाचा भार टाकून ढकललं, गाडीपर्यंत गेली, गाडी आत आणली, पुन्हा उतरली, गेट लावलं, साखळी लावली. ती पुन्हा गाडीत चढून बसेपर्यंत नेव्हिलने श्वास सोडला नव्हता.

"मागची चारही लावलीस?" त्याने बसूनच विचारलं.

"लावली. दुसऱ्यात तुझा म्हातारा वळू उभा होता. त्याला पण लावलं जागेवर."

नेव्हिलने जमिनीकडे बघत मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिला. मग हातांच्या आधाराने उठला.

"गाडीत बस," लॉर्ना म्हणाली.

"माझी गाडी आहे की."

"राहू दे तिला सावलीत. त्या टायरवर कुठे पळून जाणार आहे?"

नेव्हिल आला तो सवयीने उजव्या बाजूला. दाराला हात घातला, आणि काचेआड बहीण बसलेली पाहून थबकला. गाडीला वळसा घालून तो डावीकडे गेला. ती गाडी घेतल्याला जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती, आणि त्या सीटवर तो पहिल्यांदा बसत होता. गुडघे कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

मूठ दाबली, गिअर पडला, गाडी निघाली. नेव्हिल तिच्या डाव्या हाताकडे बघत होता. मग त्याने बॉनेटच्या फटीतून चमकणारी नवी तार पाहिली.

"तुटली होती?"

"ओढ्यात."

"कुणाचा पीळ हा?"

"बाबांचा."

"मला नाही जमला तो कधी," नेव्हिल म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मोठं घर दिसायला लागलं. व्हरांड्यात ग्वेन्डा शर्यतींची टोपी घालून, कंबरेवर हात ठेवून उभी होती. घराच्या अंगणाला एक ठेंगणं गेट होतं, ग्वेन्डाच्या फुलझाडांत वासरं शिरू नयेत म्हणून. पाचात न धरलेलं. लॉर्नाने गाडी त्याच्यासमोर आणून उभी केली.

इंजिन घुरघुरत राहिलं. लॉर्ना समोर बघत होती. नेव्हिलही समोर बघत होता.

"काय झालं?" तो म्हणाला. "थांबलीस का?"

नेव्हिलने गेटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग आपण बसलो होतो त्या सीटकडे. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"अरे हो," तो पुटपुटला आणि दार उघडून उतरला. गुडघे कडकड वाजले. कडी कशी निघते ते त्याला आठवावं लागलं. त्याने गेट उघडलं, टोपी छातीशी धरून बाजूला उभा राहिला, गाडी आत जाऊ दिली, गेट लावलं, नीट लागलं का ते हलवून पाहिलं, आणि धुळीतून चालत गाडीपाशी आला. त्याने दाराच्या कडीला हात घातला.

लॉर्नाने मूठ केसभर सैल केली. गाडी हातभर पुढे सरकली.

नेव्हिल पाऊल टाकून पुढे आला. पुन्हा कडीला हात घातला. गाडी पुन्हा हातभर गेली, अगदी मऊ, एकही हिसका न देता.

"लॉर्ना!" तो अंगणात उभा राहून ओरडला.

लॉर्नाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.

"मी काही नाही केलं," ती म्हणाली. "वारा असेल."